मध्ये मन असलेला शब्द

नववीत असताना आम्हाला मराठी शिकवायला भोरहून एक बाई यायच्या. आमचं गाव विंझरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. शाळा विंझरला. बाई सकाळची एसटी धरायच्या, नसरापूरला गाडी बदलायच्या आणि तरीही प्रार्थनेच्या आधी हजर असायच्या. वर्गात आल्या की पहिल्यांदा फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक शब्द लिहायच्या. तो धड्यातलाच असेल असं नाही. पेपरात वाचलेला, कुठल्या पाटीवर दिसलेला, कधी प्रवासात नुसताच आठवलेला. आम्ही तो वहीत उतरवायचा, अर्थ समजून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य करून आणायचं. परीक्षेत याला गुण नव्हते, त्यामुळे बहुतेकांना हा नसता उद्योग वाटायचा. मला आवडायचा. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांशिवाय छापलेलं काही नव्हतं, असलंच तर एक कॅलेंडर. शब्द आपणहून चालत येतोय तर घ्यावा, असं मला वाटायचं.

त्या दिवशीचा शब्द होता वैमनस्य.

बाईंनी अर्थ सांगितला. पराकोटीचं शत्रुत्व, मनात मुरलेलं वैर. "भांडण होतं आणि मिटतं," त्या म्हणाल्या. "वैमनस्य असं सहजी मिटत नाही. माणसं ते सांभाळून ठेवतात."

मी वहीत लिहिलं ते 'वैमन्यस'. बाईंनी लाल शाईनं खोडलं. दुसऱ्या दिवशी मी 'वैमन्यस्य' लिहून आणलं. बाईंनी मला फळ्याजवळ बोलावलं आणि खडू हातात दिला. "आधी वै लिही. शेवटी स्य लिही. आता मध्ये काय राहिलं?"

"मन," मी म्हणाले.

"मग मन नीट मध्ये ठेव. परत चुकणार नाहीस."

आणि खरंच, लिहिताना मी तो शब्द परत कधी चुकले नाही.

वाक्याची पाळी आली तेव्हा एकेक मुलगा उठून तेच दोन देशांचं वाक्य सांगायला लागला. चौथ्या मुलानंतर बाई वैतागल्या. "अरे, तिकडं सीमेवर कशाला जाता? जवळचं काहीतरी सांगा. तुमच्या ओळखीतलं."

मागच्या बाकावर आमच्याच गावची एक मुलगी बसायची. ती उभी न राहताच म्हणाली, "बाई, हिच्या घरात हाय की. हिच्या आईचं आन् मावशीचं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. आसपासच्या गावांतून येणाऱ्या सगळ्या पोरांना ते माहीत होतं, त्यात नवीन काही नव्हतं, म्हणून हसले नाहीत. बाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुस्तक उघडायला सांगितलं.

आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, आंबवड्याच्या. आई थोरली. ती आमच्या घरात सून होऊन आली आणि काही वर्षांनी धाकट्या दिरासाठी मुली बघायला लागले तेव्हा तिनंच आपल्या बहिणीचं नाव पुढं केलं. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या. आंबवड्याच्या आजोबांना दोन्ही लेकी एका घरात दिल्याचं मोठं समाधान होतं. एका फेरीत दोघी भेटतात, असं ते सगळ्यांना सांगायचे.

घरात चूल एकच होती. मावशी बोलकी आणि हसरी, आई सावकाश, हुंकारावर भागवणारी. दोघी भाताच्या खाचरात लावणीला वाकल्या की बांधावर मावशीचं बोलणं ऐकू यायचं आणि मधूनमधून आईचं नुसतं "हं". नात्यानं ती माझी काकूही लागायची, पण मी तिला काकू कधी म्हटलं नाही.

मावशीला मूल उशिरा झालं. मुलगी झाली. ती चालायला लागली तशी माझ्या मागं लागली. मी शाळेतून आले की माझं दप्तर स्वतःच्या पाठीला अडकवायची आणि त्याच्या वजनानं मागं पडायची. पडली की उठायची आणि परत अडकवायची. रडायची नाही. फक्त मी दप्तर काढून घेतलं तर रडायची.

मी पाचवीत होते त्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत मावशीची दाढ ठणकायला लागली. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. गाल सुजून डोळ्याला लागला तेव्हा काका म्हणाले, भोरला नेऊन काढूनच आणतो. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आईबरोबर जायचं म्हणून तिनं हट्ट धरला. माझ्या आईनं तिला काखेत उचललं आणि मावशीला म्हणाली, "जा तू. ऱ्हाती ती माझ्यापाशी."

त्यानंतर काय झालं ते आईच्या तोंडून मी पुरतं कधी ऐकलं नाही. शेजारच्या खाचरात कापणीला असलेल्या बायकांकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं. पोर कापून ठेवलेल्या पेंढ्यांपाशी खेळत होती. रडत आली आणि म्हणाली, काटा टोचला. आईनं तिचा पाय हातात घेऊन पाहिला. पाय चिखलानं भरलेला, घोट्याजवळ थोडंसं रक्त. आईनं पदरानं पुसलं, थुंकी लावून चोळलं आणि तिला बांधावरच्या झाडाच्या सावलीत निजवलं. आभाळ भरून आलं होतं. भात भिजायच्या आत उचलायचं होतं, म्हणून सगळ्यांचे हात भराभर चालले होते. बऱ्याच वेळानं आई पाणी प्यायला सावलीत गेली तेव्हा पोरीचा पाय मांडीपर्यंत सुजलेला होता आणि ती डोळे उघडत नव्हती. पेंढ्यांखाली घोणस सापडली ती नंतर.

रस्त्यावर एक टेम्पो मिळाला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, पण फार उशीर झाला होता.

तेव्हा आमच्याकडं कुणाजवळ मोबाईल नव्हते. काका आणि मावशीला काहीच कळलेलं नव्हतं. मला शाळेतून बोलावून आणलं होतं. फाट्यावरून चालत येणारी मावशी मी पाहिली. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, वरून पदर दाबून धरलेला, दुसऱ्या हातात केळ्यांची पिशवी. बोळा काढायचा नाही आणि आज बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं. अंगणात माणसं बघून ती थांबली. दोन बायकांनी तिला धरून आत नेलं. आतून आवाज आला तो कापसामागून आल्यासारखा दबका. ती बाहेर आली तेव्हा तोंडात बोळा नव्हता आणि हनुवटीवरून रक्त गळत होतं. आई खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. मावशी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ही तिला मारेल, नाहीतर तिच्या गळ्यात पडेल. मावशीनं यातलं काहीच केलं नाही. आईकडं बघत राहिली आणि मग वळून आत गेली.

त्यानंतर ती आईशी बोलली नाही.

भात घरात येऊन पडायच्या आत काकांनी वेगळी चूल मांडली. घराच्या मधोमध विटांची भिंत आली, मागच्या बाजूनं मावशीसाठी नवं दार पाडलं, म्हणजे जाता-येता आईचं तोंड दिसू नये. आईनं लावलेली अबोली भिंतीपलीकडं गेली होती, ती मावशीनं मुळासकट उपटून रस्त्यावर टाकली. आई नळावर आली की मावशी आपला अर्धा भरलेला हंडा तिथंच ओतून टाकायची आणि लांब हापशावर जायची. गावात ती सांगायची, थोरलीनं माझी पोर खाल्ली. एवढंच वाक्य. ते ऐकून कुणी समजूत घालायला लागलं की त्या माणसाशीही बोलणं बंद.

नवल म्हणजे माझे वडील आणि काका, दोघं भाऊ, पहिल्यासारखेच राहिले. खाचरं वाटली नाहीत, बैल वाटले नाहीत. दोघं बरोबर शेतावर जायचे आणि बरोबर यायचे. घराजवळ आले की एक पुढच्या दारानं आत जायचा आणि दुसरा मागच्या.

मावशी माझ्याशी बोलायची, पण आई आसपास नसेल तेव्हाच. एकदा हापशावर मी तिला हंडा उचलू लागले, तर तिनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, "तुझ्यावर माझा राग न्हाई. पर तू तिच्यावानी चालतीस. मागनं बघितलं की मला तीच दिसती."

तेव्हापासून मी तिच्यापुढून चालायचं टाळायला लागले. कुठं जायचं असलं तर ती पुढं जाईपर्यंत थांबायची.

शाळेत त्या मुलीनं आमच्या घराचं नाव घेतलं त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी तिच्यापाशी बसले आणि म्हणाले, "आई, तुझ्यात आणि मावशीत जे हाय ना, त्याला वैमनस्य म्हणतात. आज शाळेत झालं."

"काय म्हंत्यात?"

मी परत सांगितलं. आईनं म्हणून बघितलं. तिच्या तोंडात तो शब्द बसेना. "लई मोठा शब्द हाय," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, "तिचं माझ्याशी आसंल. माझं तिच्याशी न्हाई. एकीचंच आसलं तर त्याला काय म्हंत्यात, इच्यार तुझ्या बाईंना."

मी खरंच विचारलं. मधल्या सुट्टीत बाई डबा खात होत्या. प्रश्न कुठून आलाय हे त्यांना कळलं असावं. डब्याचं झाकण लावून त्या म्हणाल्या, "एकाच बाजूनं असलं तरी शब्द तोच, बाळ. पण दुसऱ्या बाजूच्या माणसाला ते जास्त जड जात असेल." मी घरी येऊन आईला पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं नाही.

मी अकरावीत असताना आंबवड्याचे आजोबा गेले. तेराव्याला आम्ही सगळे गेलो. नसरापूरला उतरून भोरची गाडी, भोरला उतरून आंबवड्याची. एकाच एसटीत आई पुढच्या बाकावर आणि मावशी अगदी शेवटच्या, आणि मधल्या बाकांवर वडील, काका आणि मी. कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं आमच्या सगळ्यांची तिकिटं एकत्र फाडली आणि विचारलं, "घरातलंच कार्य हाय न्हवं?" वडील हो म्हणाले.

जेवणाच्या पंगतीत मामानं मुद्दाम आईच्या हातात भाताचं पातेलं दिलं. त्याच्या मनात होतं की बापाच्या तेराव्याला तरी थोरलीच्या हातचा घास धाकटीच्या पानात पडावा. भावकीतल्या म्हाताऱ्यांनाही ते माहीत असावं, कारण आई वाढत वाढत मावशीपर्यंत आली तशी त्यांची बोलणी थांबली. आई वाकली. मावशीनं पत्रावळ उचलली आणि उपडी घातली. डाळ मांडीवर सांडली, ती तिनं झटकलीसुद्धा नाही.

"हिच्या हातचं मी खाणार न्हाई," ती म्हणाली. "हिच्या हातात दिलेलं माघारी मिळत न्हाई."

आईनं पातेलं तिथंच जमिनीवर ठेवलं आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेले. ती नदीकडं उतरून झुलत्या पुलाच्या कठड्यापाशी उभी होती. मी शेजारी उभी राहिले. लहानपणी दोघी बहिणी या पुलावरून पळत देवळात जायच्या आणि पूल हलायला लागला की धाकटी तिला घट्ट धरायची, असं आईनंच मला पूर्वी सांगितलं होतं. त्या दिवशी तिनं त्यातलं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "खरंच बोलली ती. माघारी कुठं दिली मी?"

मला तेव्हा मावशीचा फार राग आला. इतका की परतीच्या गाडीत मी तिच्याकडं बघितलंही नाही. मनातल्या मनात तिच्या प्रत्येक गोष्टीला मी बाईंनी दिलेला तो शब्द चिकटवत होते. हंडा ओतणं म्हणजे ते, अबोली उपटणं म्हणजे ते, पत्रावळ उपडी घालणं म्हणजे ते. शब्द पक्का झाला होता आणि मावशीही त्यात पक्की बसली होती.

पुढं मी भोरला कॉलेजला गेले आणि मराठी घेतलं. आमचे एक सर शब्दांच्या मुळाशी जाऊन शिकवायचे. एकदा वर्गात कुणाच्या तरी निबंधात विमनस्क हा शब्द आला. सरांनी सांगितलं, विमनस्क म्हणजे खिन्न, ज्याचं मन ठिकाणावर नाही असा. मग फळ्यावर त्याखाली त्यांनी वैमनस्य लिहिलं. दोन्ही शब्द एकाच मुळातले. संस्कृतात वैमनस्य म्हणजे आधी मनाची खिन्नता, उदासी. आपण आज मराठीत त्याचा अर्थ शत्रुत्व असाच घेतो.

मी वही मिटून बसले. सर पुढं बराच वेळ बोलत होते, त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. शनिवारी घरी गेले तेव्हा मावशी मागच्या दारात वाल सोलत बसली होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण ते सांगण्यासारखं नव्हतंच. मी मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला लागले. तिनं मला उठवलं नाही. आईच्या बाजूनं धरलेला माझा राग त्या दिवशी गेला असं नाही, पण मावशीचं नाव घेताना तो शब्द माझ्या मनात येईनासा झाला.

आता मी स्वतः भोरच्या एका शाळेत मराठी शिकवते. लग्न इथलंच, नवरा तालुक्याच्या कचेरीत. दरवर्षी कुठल्यातरी धड्यात हा शब्द येतो आणि मुलं तो चुकीचाच लिहितात. मी फळ्यावर दुरुस्त करून दाखवते. अर्थ सांगताना पुस्तकातला सांगते, म्हणजे शत्रुत्व, वैर. दुसरा अर्थ सांगायला मी एकदा सुरुवात केली होती, पण मुलांना परीक्षेत गोंधळ होईल म्हणून मध्येच सोडून दिली.

तीन वर्षांपूर्वी आईची एक बाजू गेली. सकाळी अंगणात शेणकूट गोळा करताना खाली पडली ती उठली नाही. वडिलांनी मोबाईलवर कळवलं. मी तिला भोरला माझ्या घरी आणलं. वडीलही आले. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि फार आशा ठेवू नका असंही सांगितलं. आईचं बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. काही दिवस गेले आणि एका दुपारी मी तिला पेज भरवत असताना ती म्हणाली, "तिला इच्यार, येती का. एकदा."

कुणाला, ते विचारायची गरज नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी गेले. मावशी अंगणात नाचणी पाखडत होती. केस सगळे पांढरे झालेले. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. काका आतून पाणी घेऊन आले आणि आम्हाला बोलू द्यावं म्हणून गोठ्याकडं निघून गेले.

"मावशी, आई लई आजारी हाय."

"ठावं हाय. सांगितलं ह्यांनी."

"तिनं तुला बोलावलंय."

ती सुपातले खडे वेचायला लागली. नाचणीत खडे फारसे नव्हते.

"येतीस का माझ्याबरोबर? गाडी हाय आता."

"न्हाई."

मी इतकी वर्षं धरून ठेवलेलं तिच्यापुढं बोलून टाकलं. "मावशी, तिनं काय मुद्दाम केलं का? आता ती जायला निघाली. एवढं वैर कशाला?"

मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला काय वाटतं, तिनं मारली न्हाई हे मला कळत न्हाई? पयल्या दिवशीच कळत व्हतं. माझ्यापाशी आसती तरी म्या काय येगळं केलं आसतं? म्या पन काटाच म्हटला आसता."

"मग?"

"मग कुणावर रागवू? जनावरावर? त्याला तर त्याच दिवशी मारून टाकलं. ह्यांच्यावर? हे मला दुखतंय म्हणून घेऊन गेले. ऱ्हायली कोन? दाढ माझी व्हती." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "माझा माझ्यावर राग धरला आसता तर म्या हिरीत उडी टाकली आसती. तिच्यावर धरला म्हणून ऱ्हायले."

मी म्हणाले, "हेच तिला येऊन सांग ना."

"हे सांगितलं की संपलं," मावशी म्हणाली. "मग माझ्यापाशी काय ऱ्हातं?"

तिनं सूप उचललं आणि पाखडायला लागली. कोंडा माझ्या अंगावर उडत होता. ती नाही म्हणाली की नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी उठले. फाट्यापर्यंत काका सोबत आले. गाडी येईपर्यंत ते उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मी इच्यारलंय म्हणून." मग डोळे पुसले.

घरी आल्यावर आई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी येताना एसटीत खोटं जुळवून ठेवलं होतं, की तिला ताप आहे, दोन-चार दिवसांत येणार आहे. पण आईपुढं बसल्यावर ते निघेना.

"न्हाई म्हणली?" आईनं विचारलं.

"व्हय."

"काय बोलली?"

मी सगळं सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. सांगावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आई डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, तिला झोप लागली. मग ती जड जिभेनं म्हणाली, "बरं झालं आली न्हाई. आसंल त्याच्यावर जगू दे तिला."

त्यानंतर तिनं मावशीचा विषय काढला नाही. पंधरवडाही गेला नाही आणि आई गेली. अग्नी द्यायला तिला गावी नेलं. मावशीच्या बाजूचं दार बंद होतं. तिरडी निघाली तेव्हाही ते उघडलं नाही. बायका कुजबुजल्या, एकीनं बोटं मोडली. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

वडील परत माझ्याबरोबर भोरला आले आणि आमच्या दाराला कुलूप लागलं. पुढच्या महिन्यात काकांचा फोन आला. "ती काय खात न्हाई. एकदा येऊन जा." मी गेले तर मावशी आमच्या बाजूच्या अंगणात बसली होती, कुलपासमोर. भिंत झाल्यापासून ती त्या अंगणात आलेली मी कधी पाहिली नव्हती. हडकली होती.

"कुलूप कशाला लावलं?" तिनं विचारलं.

"आत कुणी नाही ना मावशी. बाबा माझ्याकडं असतात."

"भाकरी थापायची ती, मला पल्याड ऐकाय यायचं. खोकली तरी कळायचं. सकाळी कडी काढली की मला जाग यायची." तिनं हातातली काटकी जमिनीवर ओढली. "आता कुठवर बसायचं ऐकत?"

मी तिला धरून घरी नेलं, आंघोळ घातली, केस विंचरले. ती लहान पोरासारखी बसून राहिली. मी भात कालवून तिच्यापुढं ठेवला तर दोन घास खाल्ले आणि बाकीचं तसंच. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं, एक झोपेची गोळी दिली. गोळीनं ती झोपते. जागेपणी फारसं बोलत नाही. ज्या बायकांशी तिनं आईवरून बोलणं तोडलं होतं त्या आता येऊन बसतात, त्यांना ती उठवतही नाही आणि ओळखही देत नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, शाळा चालू असतानाच, वडिलांनी गावी परत जायचं ठरवलं. भोरच्या दोन खोल्यांत त्यांचा वेळ जात नव्हता आणि काका एकटे शेत ओढत होते. मी त्यांना सोडायला गेले. कुलूप गंजलं होतं, तेल घालून काढावं लागलं. मी झाडलोट केली, चूल सारवली, वडिलांपुरत्या भाकऱ्या थापायला बसले. पहिली भाकरी थापली आणि भिंतीपलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी थापत राहिले. थोड्या वेळानं काका दारात आले. म्हणाले, "ती इच्यारती, कोन हाय आत?"

"मीच हाय म्हणावं."

काका गेले. मी बाकीच्या भाकऱ्या भाजल्या, वडिलांना वाढलं आणि एक भाकरी फडक्यात बांधून मागच्या दाराला गेले. मावशी भिंतीला कान लावून बसली होती. मी फडकं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं भाकरीचा एक तुकडा मोडला, हातात धरला आणि खायच्या आधी मला विचारलं, "तू किती दिवस हायस?"

"उद्या सकाळी जाणार," मी म्हणाले. "शाळा आहे."

तिनं मान हलवली आणि तुकडा तोंडात घातला.